आज मुद्दाम लाईट घालवली

दिवसभर महापेला साईटवर होतो, नवीन डेटा सेंटरचं टेस्टिंग. सर्व्हर अजून एकही आलेला नाही, त्यांच्या जागी हॉलभर लोड बँक लावल्यात म्हणजे नुसते हीटर, आणि मग आपल्याच हाताने बाहेरची लाईन पाडायची आणि बघत बसायचं. लाईट गेली की लोड लगेच यूपीएसच्या बॅटरीवर, पुढच्या दहा-पंधरा सेकंदात जनरेटर उचलतात, इथपर्यंत सगळ्यांना माहितीये. पण चिलर, म्हणजे पाणी गार करणारी मशीन, परत लाईनवर यायला काही मिनिटं लागतात ना राव, तेवढ्यात हॉल तापतो! म्हणून गार पाण्याची टाकी भरून ठेवायची आणि पंपही यूपीएसवर घ्यायचे. क्लायंट मीटिंगमध्ये सगळे बॅटरीचंच विचारतात, टाकीचं कोणी नाही.

रॅकमधल्या, म्हणजे सर्व्हरच्या कपाटांमधल्या, रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल (जागा झाकायच्या पट्ट्या) लावायचे राहिले होते, तिथून मागची गरम हवा सरळ पुढे. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ डिग्री पाहिजे, आणि एवढी महागडी मशिनरी लावून घोळ कुठे तर प्लास्टिकच्या पट्टीत 😅

आणि हे सगळं साध्या रॅकचं झालं, ५-१० किलोवॅटवाल्या. एनव्हिडियाच्या ७२ जीपीयूवाल्या (एआयच्या चिपवाल्या) एका रॅकला साधारण १२० किलोवॅट लागतात! तिथे नुसत्या हवेने काही होत नाही, गार लिक्विड पार चिपपर्यंत न्यावं लागतं. आता इलेक्ट्रिकलवाल्यांपेक्षा पाईपवाल्यांना भाव येणार बघा. ओळखीत कोणी चांगला स्टेनलेस स्टीलचा वेल्डर असेल तर इनबॉक्स करा, सिरियसली.