पायाच्या नखाची बुरशी आणि बावन्न आठवड्यांची औषधचाचणी : माझा अनुभव

त्वचारोग विभागात स्टडी कोऑर्डिनेटर म्हणून मी नखाच्या बुरशीवरच्या चाचणीचं काम सांभाळलं. एका गटाला टर्बिनाफिन या बुरशी मारणाऱ्या औषधाची २५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी, दुसऱ्याला तीच गोळी आणि वरून नखाला लावायचं लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखं औषध. गोळी १२ आठवड्यांतच संपते, पण निकाल ५२व्या आठवड्याला. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम एक-दीड मिलिमीटर वाढतं. बुरशी मेली तरी खराब झालेलं नख सुधारत नाही, मुळातून नवं नख पुढं सरकत यावं लागतं. चाचणीतल्या बहुतेक अडचणी या संथपणातूनच निघतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली असावी लागते. संमतीपत्र मराठीत, आणि त्याची प्रत रुग्णाच्या हातात. अंगठा उठवणाऱ्यासाठी साक्षीदार लागतो, तो चाचणीशी संबंध नसलेला हवा. वॉर्डातल्या मामांची सही घेऊन भागत नाही.

निवड करताना पहिला चकवा रंगाचा. वसमतकडून येणाऱ्या, हळद शिजवण्या-पॉलिशच्या कामातल्या बायाबापड्यांची नखं पिवळी असतातच. ब्लेडनं वरचा थर हलका खरवडला की डाग निघतो, आणि नखाखाली भुगा नसतो. दुसरा चकवा माराचा. दगड लागून किंवा वारीत चालून काळं पडलेलं, सुटलेलं नख बुरशीसारखंच दिसतं. हाताच्या नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतील तर सोरायसिस हा त्वचारोग आठवावा. त्यामुळं नजरेवर भरवसा ठेवून कुणालाच आत घ्यायचं नाही, तपासणीत बुरशी दिसायलाच हवी.

खरी चाचणी जिंकली किंवा हरली जाते ती नमुना घेताना, असं माझं ठाम मत आहे. नवशिका माणूस नखाचं पुढचं टोक कापून पाठवतो. तिथली बुरशी बरीचशी मेलेली असते आणि वर बाहेरची घाण. आमची रीत अशी : ७० टक्के अल्कोहोलनं नख पुसून वाळू द्यायचं, सुटलेलं टोक निपरनं कापून टाकायचं, मग लहान क्युरेटनं (खरवडायच्या चमच्यासारख्या हत्यारानं) आत, जिथं खराब नख चांगल्याला मिळतं तिथला भुगा काढायचा. भुगा घडी घातलेल्या काळ्या कागदात, कारण त्यात तो दिसतो आणि कोरडा राहतो. ओलसर डबीत ठेवला तर जंतू माजतात. आधीच मलम चालू असेल तर ते बंद करून चारेक आठवडे थांबावं लागतं. पोटातून बुरशीचं औषध घेतलेलं असेल तर त्याहून जास्त. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लोक औषधात धरतच नाहीत, म्हणून मी घरातली ट्यूब घेऊनच या म्हणायचो.

स्लाइडवर बुरशीचे धागे दिसावेत म्हणून नमुना केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) मऊ करतात. त्वचेच्या खवल्यांना १० टक्के केओएच पुरतं, नखाला २० ते ४० टक्के लागतं, आणि घाई नको. २० टक्क्यांत रात्रभर ठेवलेला भुगा सकाळी स्लाइडवर नीट पसरतो. स्लाइड जास्त तापवली तर केओएचचे स्फटिक होतात आणि धागे शोधणं मुश्कील. कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी नळीत वाढवून बघणं, २५ ते २८ अंशांवर चार आठवडे. एप्रिल-मेमध्ये लातूर-परभणीकडं पारा चाळिशीपार जातो, तेव्हा टेबलावर ठेवलेली नळी वाया गेलीच समजा. थंड करणारा इन्क्युबेटर हवा, आणि लाइट गेल्यावर तो चालेल याची सोय. दोन नळ्या लावायच्या, एक सायक्लोहेक्झिमाइड (इतर बुरशा रोखणारं औषध) असलेली, एक नसलेली. नखात घर करणाऱ्या काही बुरशा, उदाहरणार्थ निओसायटॅलिडियम, त्या औषधात वाढतच नाहीत.

गोळीआधी एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, बघितलीच पाहिजे. चव गेल्याची तक्रार आली तर ती किरकोळ समजून सोडायची नाही, लिहायची आणि डॉक्टरांना दाखवायची. उरलेल्या गोळ्या पट्टीसकट मोजून घ्यायच्या. फोटो दर वेळी त्याच अंतरावरून, पांढऱ्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक नख आजारी दिसतं. अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी ब्लेडनं बारीक खूण करून ठेवली की पुढच्या भेटीत वाढ मोजता येते.

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांनी आमचं वेळापत्रक पार बदलायला लावलं. दिवाळीच्या आगेमागे मुकादम गाडी लावतो आणि जोडपं कारखान्याला जातं, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावरच परत. उन्हाळ्यात चाचणीत नाव घातलं तर गोळीचे तिन्ही महिने गावातच पार पडतात. पावसाळ्यात घातलं तर रक्ततपासणीच चुकते. मधल्या भेटी फोनवर घेता येतात, नखाचा नमुना नाही. म्हणून भरती चैत्र-वैशाखात केली. ५२वा आठवडाही मग पुढच्या उन्हाळ्यात येतो, माणूस घरीच सापडतो.

आकडे वाचताना ‘बरा’ कशाला म्हटलंय ते आधी बघावं. टर्बिनाफिनच्या अमेरिकन माहितीपत्रकात पायाच्या नखासाठी केओएच-कल्चर दोन्ही निगेटिव्ह झालेले ७० टक्के, पण त्यासोबत नखही पूर्ण स्वच्छ झालेले फक्त ३८ टक्के. एफिनाकोनाझोल या लावायच्या १० टक्के द्रावणाच्या दोन मोठ्या चाचण्यांत पूर्ण बरे १७.८ आणि १५.२ टक्के, औषध नसलेलं नुसतं द्रावण लावणाऱ्यांत ३.३ आणि ५.५. यातली या तुलनेच्या गटाची ओळ वगळून कुणी आकडा सांगत असेल तर तो जाहिरात करतोय.

शेवटच्या भेटीला एक गुंता हमखास येतो : कल्चर निगेटिव्ह, नख जवळपास स्वच्छ, पण केओएचमध्ये धागे दिसतात. मेलेले धागेही स्लाइडवर दिसतातच. ठरलेल्या निकषानं अशा माणसाची नोंद ‘पूर्ण बरा’ म्हणून करता येत नाही, आणि ती बदलायची पण नाही. आम्ही अशांना चाचणी संपल्यावर तीन महिन्यांनी ओपीडीत बोलावून नव्यानं नमुना घ्यायचो, आणि तोवर बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांवर मलम चालू ठेवायला सांगायचो.