∞ ला कायम गोल कंसच का? (रिअल ॲनालिसिसचा घरचा अभ्यास, आठवडा सहावा)

मागच्या आठवड्यात √(क्ष − ३) च्या डोमेनपाशी (क्ष ला कोणत्या किमती चालतात त्यांच्या सेटपाशी) अडलो होतो. उत्तर [३, ∞). चौकोनी कंस म्हणजे टोक धरून, गोल म्हणजे टोक सोडून. ३ ला चौकोनी कंस का ते स्पष्ट आहे, क्ष = ३ टाकलं की √० येतं आणि ते चालतं. पण ∞ ला गोल कंस हे कॉलेजपासून नुसतं पाठ होतं, म्हणून या आठवड्यात रोज रात्री जेवण झालं की तेवढंच घेऊन बसलो.

पहिले दोन दिवस डोक्यात हेच की ∞ रेषेवर खूप लांब कुठेतरी आहे, तिथवर पोचता येत नाही म्हणून गोल कंस. तसं नाहीये. [३, ५) मधला ५ खरोखरचा आकडा आहे, रेषेवर त्याची जागा आहे, फक्त बाहेर ठेवलाय. ∞ रेषेवर नाहीच. संख्या मानून बघा, ∞ + १ = ∞, दोन्हीकडून ∞ वजा करा, १ = ० येतं. (भास्कराचार्यांनी ११५० च्या बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलंय, आणि तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही असं सांगितलंय, ते वाचताना अंगावर काटा आला.) मग [३, ∞) ची व्याख्या परत वाचली: ३ ≤ क्ष असलेल्या सगळ्या वास्तव संख्या. झालं, एवढीच. त्या ओळीत ∞ कुठेच नाही! चिन्ह फक्त एवढंच सांगतं की उजवीकडे अडवणारं काही नाही.

खरी मजा गुरुवारी आली. पुस्तकात लिहिलंय [३, ∞) हा क्लोज्ड सेट आहे (म्हणजे सेटमधल्या संख्यांची रांग ज्या संख्येकडे जाते ती संख्याही सेटमध्येच असते), आणि मी गोल कंस बघून अर्धा ओपन (त्या बाजूचं टोक सेटमध्ये नसलेला) धरून चाललो होतो. तर कंस बाजूला ठेवले आणि सिक्वेन्स, म्हणजे अशा रांगा, घेतले. ३.१, ३.०१, ३.००१... ३ कडे जातो, ३ सेटमध्ये आहे. १०, १००, १०००... कुठल्याच वास्तव संख्येकडे जात नाही, त्यामुळे सेटमधून निसटून बाहेर पडायला तिकडे जागाच नाही. उलट [३, ५) मध्ये ४.९, ४.९९, ४.९९९... ५ कडे जातो आणि ५ बाहेर, म्हणून तो क्लोज्ड नाही. दोन्हीकडे उजवा कंस गोलच, पण अर्थ किती वेगळा! या हिशेबाने (−∞, ∞) ओपनही आहे आणि क्लोज्डही, हे आता पाठ करावं लागत नाही.

शनिवारी एक्स्टेंडेड रिअल लाइन बघितली, तिथे −∞ आणि ∞ मुद्दाम रेषेला जोडलेत, म्हणून [−∞, ∞] असे चौकोनी कंस तिथे चालतात, आणि ∞ − ∞ ला अर्थ दिलेलाच नाही त्यामुळे वरची १ = ० ची भानगड होत नाही. पण तिथे तोच [३, ∞) क्लोज्ड राहत नाही, कारण १०, १००, १०००... आता ∞ कडे जातो आणि ∞ सेटच्या बाहेर आहे. सेट तोच, त्यातली एकही संख्या बदलली नाही, फक्त भोवतालची जागा बदलली. यावर मी अख्खी संध्याकाळ घालवली आणि ती सत्कारणी लागली.

फ्रेंच पुस्तकांत गोल कंसाऐवजी चौकोनी कंसच उलटा करतात, [३, ∞[ असं. मला आपलं गोलच बरं वाटतं.

आता पुढे कॉम्पॅक्ट सेट (रेषेवर म्हणजे क्लोज्ड आणि शिवाय दोन्हीकडून मर्यादित). सुरुवात केलीय १/क्ष पासून: [३, ∞) वर त्याची सर्वात मोठी किंमत १/३, ती क्ष = ३ ला मिळते, पण सर्वात लहान किंमतच नाही, ० च्या हवं तितकं जवळ जातं आणि ० कधी होत नाही. सेट क्लोज्ड असूनही.