विकत मिळतं, मग जोडत का बसता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. गिटार शिकणारी मुलं घरी येतात, टेबलावर उघडे पडलेले डबे आणि वायरींचा गुंता बघतात आणि दहा मिनिटांत तोच प्रश्न येतो : "काका, डिस्टॉर्शनचं पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा, पायाने चालू करायचा डबा) आता दोन-तीन हजारांत मिळतं. तुम्ही आठवडा-आठवडा हे जोडत का बसता? पैसे वाचतात का?"

पैसे वाचत नाहीत. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी हे सगळं स्वस्त असतं, पण पायाने दाबायचा स्विच, दोन जॅक आणि ॲल्युमिनियमचा डबा घेतला की खिसा रिकामा होतो. शिवाय एक नग लागत असताना दहा घेतले जातात. पैसे वाचवायला म्हणून ह्यात पडू नका. माझं कारण वेगळं आहे आणि ते मामाच्या बेंजोपासून सुरू होतं.

मामा पेण तालुक्यातल्या एका बेंजो पार्टीत वाजवायचा. रायगडातली हळद किंवा विसर्जनाची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना बेंजो सांगायला नको. बुलबुल तरंगच तो, पण तारांखाली पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) बसवलेला आणि आवाज टेम्पोवरच्या ॲम्प्लिफायरमधून कर्ण्यांत सोडलेला. कर्ण्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत आणि तीन हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाचा कान फार हळवा असतो, तिथे तो सगळा जोर लावतो. रात्री घरी आल्यावर मामाच्या कानात शिट्टी वाजत राहायची. "टोचतंय रे फार. तू ते शिकतोस ना, काहीतरी कर," तो म्हणाला.

मी अकरावीत होतो, बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. लो-पास फिल्टरचं, म्हणजे खालचे सूर सोडून वरचे अडवणाऱ्या सर्किटचं, प्रॅक्टिकल नुकतंच झालं होतं. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, लाटा पुरवणारा फंक्शन जनरेटर, त्या पडद्यावर दाखवणारा सीआरओ. आलेखाच्या कागदावर रेघ काढली, ती वाकते तिथे कट-ऑफ (जिथून फिल्टर आवाज कापू लागतो तो आकडा) लिहिला, सही घेतली. सूत्र पाठ होतं : एक भागिले दोन पाय (π) आर सी, आर रेझिस्टरचा आणि सी कपॅसिटरचा. दहा किलो-ओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतले की उत्तर १५९१ हर्ट्झ. पण ते १५९१ कानाला कसं लागतं हे मला कुणी ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवा असं मीही म्हटलं नव्हतं.

बेंजोच्या पिकअपच्या दोन टोकांवर मी ४७३ चा कपॅसिटर झाळला. (४७ आणि पुढे तीन शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड.) टोचणं गेलं, पण त्याबरोबर बेंजोही गेला. घोंगडीत गुंडाळून वाजवल्यासारखा आवाज. मामाने दोन कळा दाबल्या आणि हात काढून घेतला. मग मी तो उपटून १०३ लावला. तारेवर नखी पडल्याचा ठसका परत आला, टोचणं मात्र परत आलं नाही. मामाने अख्खी चाल वाजवली, मग तीच पुन्हा वाजवली. दोन्ही कपॅसिटर मसुराच्या डाळीएवढे, दोन्हींची किंमत सारखी. वर्गात काढलेली ती रेघ मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकू आली.

म्हणून जोडत बसतो. विकतच्या पेडलला तीन नॉब असतात. त्या नॉबने किती फिरायचं आणि कुठे थांबायचं हे आत कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा ते उत्तमच ठरवलेलं असतं. पण का, हे डबा बंद असेपर्यंत कळत नाही.

उदाहरण घ्या. आयबानेझ कंपनीचं ट्यूब स्क्रीमर हे हिरवं पेडल १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये आलं. त्याची रचना सुसुमु तामुरा यांची. आत ४५५८ जातीचा ऑप-अँप (आवाज वाढवणारी आयसी) आणि त्याच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत, उलटसुलट जोडलेले डायोड. लाट साधारण अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर चढू लागली की डायोड वाहू लागतात, लाटेचा माथा गोलसर दबतो आणि आवाज फाटतो. इथपर्यंत सगळे सांगतात. मला त्याची खरी करामत दोन फिल्टरमध्ये दिसली. फाटण्याआधी ४.७ किलो-ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड, म्हणजे ७२० हर्ट्झ. त्याच्या खालच्या सुरांना गेन (वाढ) कमी मिळतो, म्हणून ते कमी फाटतात. फाटल्यानंतर लगेच एक किलो-ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड, म्हणजे ७२३ हर्ट्झ. त्याच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. दोन्ही आकडे जवळपास एकाच जागी येतात, आणि मधे उरतो तो उंचवटा, ज्यासाठी लोक हे पेडल घेतात.

मी ०.०४७ काढून ०.१ लावला. कट-ऑफ ३३९ हर्ट्झवर उतरला. घरी एकट्याने वाजवताना आवाज इतका भरदार झाला की मूळ रचनाकाराने कंजूषपणा केला असं मला वाटलं. मग ते पेडल घेऊन बँडच्या सरावाला गेलो आणि गिटार हरवली. गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झवर. तिथून वर दोन-तीनशेपर्यंत बेस गिटार आणि ड्रमची वस्ती. माझी फाटलेली खर्जातली गर्दी त्यांच्यात शिरून सगळ्यांचाच चिखल करत होती. ०.२२ लावून पाहिला तर कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले गेले. ०.०४७ परत लावला, गिटार वर आली, बेसवाला मान वर करून हसला. बँडमध्ये प्रत्येकाने थोडी जागा सोडावी लागते हे आधी अनेकांनी सांगितलं होतं. मला ते कळायला कपॅसिटर तीनदा बदलावा लागला.

इक्वलायझरने, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे स्वतंत्र कमी-जास्त करणाऱ्या सर्किटने, दुसरीच गोष्ट दिली. सात पट्ट्यांचा नेहमीचा ग्राफिक इक्वलायझर घ्या : १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४०० हर्ट्झ. प्रत्येक पट्टी आधीच्या दुप्पट, म्हणजे एकेक सप्तक वर. एकेक पट्टी वर-खाली करून ऐकायचं आणि जो शब्द आधी तोंडात येईल तो वहीत लिहायचा, असं मी महिनाभर केलं. २०० वाढवला की 'बोजड'. ४०० ला 'डब्यात बोलल्यासारखा'. ८०० ला 'नाकातला'. ३२०० थोडा वाढवला तर 'खणखणीत', आणखी वाढवला तर 'टोचरा', मामाचाच शब्द. ६४०० काढला की 'दबलेला'. १०० काढला की 'पोकळ'. आजी एका भजनीबुवांबद्दल "नाकात गातो" म्हणायची, ती फ्रिक्वेन्सीच सांगत होती. ध्वनीचं इंग्रजी शब्दभांडार शिकत बसण्यापेक्षा हे शब्द मला जास्त उपयोगी पडले. आता कुणी "आवाज जरा बोजड वाटतो" म्हणालं की हात आपोआप २०० कडे जातो.

ह्याच इक्वलायझरमध्ये मला आजही हरखून टाकणारी एक युक्ती आहे. १०० हर्ट्झची पट्टी कॉइल आणि कपॅसिटरने करायची तर एक मायक्रोफॅरडसोबत सुमारे अडीच हेन्रीची कॉइल लागते. लोखंडी गाभ्यावर हजारो वेढे. जड, महाग, आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची घरघर ती ओढून घेते. त्याऐवजी एक ऑप-अँप, दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असे जोडता येतात की बाकीच्या सर्किटला तिथे कॉइलच बसलीय असं वाटतं. हा जायरेटर. डच अभियंते बर्नार्ड टेलेगेन यांनी १९४८ मध्ये ही कल्पना मांडली. हिशोब अगदी सरळ आहे. ४७० ओहम गुणिले १०० किलो-ओहम गुणिले ०.०४७ मायक्रोफॅरड म्हणजे २.२ हेन्री. एक मायक्रोफॅरडसोबत ती १०७ हर्ट्झवर बोलते. अर्धा किलो तांब्या-लोखंडाचं काम तांदळाच्या चार दाण्यांनी करावं तसं ते. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी ती एकच पट्टी तासभर वर-खाली करत होतो.

आणि फझ, म्हणजे आवाज खरखरीत फाडणारं पेडल. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या गोल डब्याच्या फझ फेसमध्ये दोन ट्रान्सिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (नॉबने फिरवायचे रेझिस्टर), एवढाच ऐवज. त्यात चालणारा एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्सिस्टर आपल्याकडच्या जुन्या रेडिओंमध्ये असायचा. मी भंगारवाल्याकडून मोडके रेडिओ आणून ते काढले. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, तापमान चढलं की आतली गळती झपाट्याने वाढते. मे महिन्यात सकाळी मधासारखा असलेला आवाज दुपारी तीनला तुटक व्हायचा. ८.२ किलो-ओहमच्या रेझिस्टरच्या जागी प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) लावून दुसऱ्या ट्रान्सिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट जुळवत राहावं लागतं. हा ट्रान्सिस्टर पीएनपी जातीचा, म्हणजे नेहमीच्या उलट जोडायचा, त्यामुळे बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जातं. हे पेडल बाकीच्या पेडलांच्या अडॅप्टरवर लावू नका, त्याला स्वतंत्र बॅटरी द्या.

एका रात्री तो फझ उघडाच टेबलावर होता, गिटार लावलेली नव्हती, इनपुटला हातभर वायर लोंबत होती. ॲम्प्लिफायरमधून हळू आवाजात मराठी बातम्या येऊ लागल्या. मध्यम लहरींवरची आकाशवाणी. ती वायर एरियल झाली होती आणि ट्रान्सिस्टरचा जोड डिटेक्टरचं काम करत होता. रेडिओतून काढलेला एसी १२८ पुन्हा रेडिओ झाला होता. उपाय सोपा होता : इनपुटवर १०० पिकोफॅरड आणि ग्राउंड केलेला पत्र्याचा डबा. पण मी बातमीपत्र संपेपर्यंत हात लावला नाही.

"मग आम्ही कुठून सुरुवात करू?" हा त्यानंतरचा प्रश्न. पेडलने करू नका. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायची पाटी), एक टीएल ०७२ हा ऑप-अँप, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि १०३, २२३, ४७३, १०४ हे कपॅसिटर दोन-दोन घ्या. एक साधा फिल्टर जोडा आणि एका वेळी एकच भाग बदलून ऐका. आवाज आलाच नाही तर घाबरू नका. ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरच्या टोकाला १०४ जोडा आणि ते टोक इनपुटपासून पुढे एकेका जोडावर टेकवत जा. आवाज जिथे मरतो तिथेच चूक असते. एक मात्र सांगून ठेवतो : व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, ॲम्प्लिफायर उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट बसून असू शकतात.

गेल्या गणपतीत मामेभावाने बेंजो माझ्याकडे आणला. आता तोच वाजवतो. पार्टीने कर्णे कधीच काढले, टेम्पोवर बेस आणि टॉप असे मोठे स्पीकर आले आहेत. "दादा, आवाज दबतोय," तो म्हणाला. मामाही सोबत आला होता, पायरीवर बसला. मी खालची पट्टी उघडली. माझा अकरावीतला १०३ तिथेच होता, सोल्डरचा गोळा अंगठ्याएवढा. कर्ण्यासाठी लावलेला तो, कर्णा गेल्यावर नुसताच वाटेत उभा होता. तो काढला, ४७२ लावला. भावाने चाल वाजवली.

मामाने डोळे मिटून ऐकली. "अजून थोडा मोकळा कर," तो म्हणाला, आणि मी डबीत २२२ शोधू लागलो.