पाण्याखालचं शिवार

पूर्व टेक्ससमधल्या मासेमारीच्या दुकानात एक अख्खी भिंत नुसत्या आमिषाच्या प्लास्टिकच्या गांडुळांची असते. सहा इंची, सात इंची, दहा इंची. सरळ शेपटीची, वळलेल्या शेपटीची. आणि रंगांना तर अंतच नाही. ग्रीन पम्पकिन, वॉटरमेलन रेड, जूनबग, प्लम, ब्लॅक-ब्लू. हिरव्या भोपळ्यात आणि कलिंगडात नेमका फरक काय, हे बघायला लोक पाकीट घेऊन दुकानाच्या दारात उन्हात येतात. लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमधून बायका ब्लाउजपीस घेऊन फुटपाथवर येतात ना, अगदी तसे. फरक एवढाच, की त्यांच्या पिशवीत साडी असते. इथे ज्याच्याशी मॅचिंग करायचं ते तलावाचं पाणी अजून तीस मैल लांब, आणि ते आज गढूळ आहे की नितळ, याचा दुकानात कुणालाच पत्ता नसतो.

मीही उन्हात जाऊन बघतो. घरी खोक्यात जागा नसते, तरी एक पाकीट घेतोच. फोडलं की बडीशेपेचा वास येतो. काही कंपन्या मुद्दाम तो घालतात, काही लसणाचा घालतात, मीठ तर बहुतेक सगळेच घालतात.

ही सगळी सरबराई ज्याच्यासाठी, तो लार्जमाउथ बास. नाव बास असलं तरी कुळ सनफिशचं. काठाला पोरंसोरं ज्या हाताएवढ्या ब्लूगिल धरतात, त्यांचा हा सख्खा भाऊबंद, आणि भाऊबंदांनाच खाणारा. हिरवट पाठ, अंगावरून गेलेला काळा पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की मिटलं तरी जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं. पाठलाग करून दमणं त्याच्या स्वभावात फारसं नाही. खोडाच्या, गवताच्या, खडकाच्या आडोशाला दबा धरून राहायचं आणि समोरून काही गेलं की गट्टम करायचं, ही त्याची रीत.

रंगांचं शास्त्र तसं साधं आहे. पाणी नितळ असेल तर खऱ्या किड्यामाशांशी मिळतेजुळते रंग. गढूळ असेल तर काळपट काहीतरी, म्हणजे निदान सावली दिसेल, किंवा मग एकदम भडक पोपटी. गढुळात मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या संवेदनांच्या रेषेवर जास्त भिस्त ठेवतो, म्हणून तिथे पाणी हलवणारं, खुळखुळणारं ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, चांगलं. इलिनॉयमधल्या संशोधकांनी बासला रंग ओळखायला शिकवून पाहिलं. लाल आणि हिरवा त्याला छान ओळखता येतो. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसंच निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते. म्हणजे ब्लॅक-ब्लू गांडुळातला निळा बहुधा माझ्यासाठीच असतो.

आता हेही खरं, की या प्लास्टिकच्या गांडुळासारखं दुसरं आमिष नाही. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ च्या सुमारास ते घरी बनवलं आणि पुढे त्याचा कारखाना इथे टेक्ससमध्ये, टायलर गावी आला. ते लावायची जी पद्धत जगभर चालते, तिचं नावच टेक्सस रिग. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं आधी दोरीत ओवायचं, टोक वरच्या बाजूला. मग गळ बांधायचा, आणि गाठ आवळण्याआधी जिभेने ओली करायची. कोरडी आवळली तर तिथेच दोरी कच्ची होते. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून पाव इंच आत घालून बाहेर काढायचं, गळ उलटा फिरवायचा आणि तेच टोक पुन्हा पोटात लपवायचं. गांडूळ सरळ राहिलं पाहिजे. जरा चुण्या पडल्या की पाण्यात गरगर फिरतं आणि दोरीला पीळ बसतो. टोक लपलेलं असल्यामुळे ते बुडालेल्या फांद्यांमधून, गवतातून न अडकता सरकतं.

टाकल्यावर शिसं तळाला टेकेपर्यंत दोरीवरची नजर काढायची नाही. मग रॉडचं टोक हळूच उचलायचं, पुन्हा खाली. दोरीवर बोट ठेवलं की तळ कळतो. चिखल नुसता जड लागतो, खडी खरखरते, आणि फांदी आली की आधी अडल्यासारखं होऊन एकदम सुटतं. बास चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्यामुळे हाताला झटका बसेल म्हणून वाट बघणारा वाटच बघत राहतो. एक बारीकशी टुक येते. कधी तीही येत नाही, दोरी नुसती एका बाजूला चालू लागते.

एवढं सगळं असूनही मोठ्या माशांच्या कथा ऐकल्या की भिंतीवरचे रंग जरा फिके पडतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या बासचा विक्रम जॉर्ज पेरी या जॉर्जियातल्या पोराच्या नावावर आहे. २ जून १९३२, वजन २२ पौंड ४ औंस. मित्रामध्ये आणि त्याच्यामध्ये मिळून एकच रॉड आणि एकच ल्यूर होतं म्हणतात, मंदीचे दिवस. मासा त्यांनी घरी नेऊन खाल्ला. त्याची बरोबरी व्हायला २००९ उजाडलं, आणि ती झाली जपानात. बिवा सरोवरात मानाबू कुरिताने धरलेला मासा किंचित जास्तच भरला, पण नवा विक्रम मानायला लागतो तेवढा फरक नव्हता, म्हणून दोघं बरोबरीत. कुरिताच्या गळाला होती जिवंत ब्लूगिल. आणि टेक्ससचा विक्रम? जानेवारी १९९२, आमचाच लेक फोर्क तलाव, १८.१८ पौंड. धरणारा बॅरी सेंट क्लेअर त्या दिवशी बासच्या मागे नव्हताच मुळी. तो क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी बारकी जिवंत मासळी लावून बसला होता.

तिघांचीही आमिषं वेगळी. सारखं एवढंच, की गळ मासा होता तिथे पडला.

माझा बराचसा वेळ आता म्हणूनच नकाशात जातो. टेक्ससमधले जवळजवळ सगळे मोठे तलाव माणसाने केलेले, नद्या-ओढे अडवून. लेक फोर्कचं पाणी १९८० मध्ये अडवलं आणि तलाव पुरता भरायला १९८५ उजाडलं. आत झाडं बरीचशी तशीच उभी सोडली. पाणी चढायच्या आधीच सरकारच्या मत्स्य खात्याने त्या जमिनीवरच्या शेततळ्यांत फ्लोरिडा जातीची बासची पिल्लं सोडून ठेवली होती. पाणी आलं, तळी तलावात मिसळली, आणि मासे घर न सोडता मोठ्या घरात राहायला आले. या तलावाचं सगळं नाव त्या पिल्लांवर उभं आहे.

त्यामुळे नकाशात काय नाही? जुना डांबरी रस्ता, त्याच्या कडेची चारी, कुंपणाच्या रांगा, लिटल केनी आणि बर्च क्रीकची मूळ वळणं, शेततळ्यांचे बांध. पाण्याची खोली दाखवणाऱ्या रेषा जिथे एकमेकींच्या अंगावर येतात तिथे उतार तीव्र. बासला असली कड लागते. वरच्या उथळ भागात खाणं, खाली दोन पावलांवर खोल आसरा, आणि मध्ये टेकायला एखादं खोड. सपाट चिखलाचं मैदान मैलभर पसरलेलं असेल तर तिथे सोन्याचं गांडूळ लावा, काही उपयोग नाही.

आई गेल्या वर्षी इथे आली होती तेव्हा हाच नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. तिचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं, पळसदेवाच्या बाजूचं. भीमेवरचं ते धरणही १९८० चंच. तिने चष्मा लावला आणि विचारलं, "ही रेघ कसली रे?"

"जुना रस्ता होता, आई. आता पंधरा फूट पाण्याखाली आहे."

"आणि हा गोल?"

"शेततळ्याचा बांध."

"मग मासा बांधालाच असणार की. आमच्याकडं भोई जाळी लावायचे ती जुन्या बांधांच्या आणि विहिरींच्या अंगानंच. त्यांना समदं शिवार पाठ होतं." आणि मग ती तिच्या वडिलांच्या रानांची नावं सांगत बसली. चिंचेची पट्टी, थोरलं वावर, मसणवट्याकडचा तुकडा. कुठली विहीर कुणाची, कुठल्या ओढ्याला खालून पाझर होता. माझ्यापाशी उपग्रहाच्या जोरावर चालणारं यंत्र आहे आणि तिच्यापाशी नुसती आठवण, पण तिचा नकाशा जास्त तपशीलवार होता. इथे कुणाच्या वावराचं काय नाव होतं ते नकाशावाल्यांनी लिहिलेलं नाही. जमिनी इथल्या लोकांच्याही गेल्याच असणार.

बांध तर बांध, पण कुठल्या महिन्यात कुठला, हा पुढचा प्रश्न. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ऊन व्हायला लागतं तसे मासे ओढ्यांच्या वाटेने तलावाच्या फाट्यांच्या आत आत सरकतात. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की उथळात घरटी करतात. घरटं नर करतो, अंडी घालून मादी निघून जाते, आणि पुढे अंड्यांची, पिल्लांची राखण बापच करतो. त्या दिवसांत जवळ आलेल्या कशावरही तो तुटून पडतो, भूक असो वा नसो. अशा बापाला घरट्यावरून उचलणं मला तरी गोड वाटत नाही, पण कायद्याने मनाई नाही आणि बरेच जण तेच करतात. उन्हाळ्यात सगळी मंडळी खोलात, मुख्य ओढ्याच्या कडेला आणि जुन्या रस्त्यांवर. मात्र खोलालाही मर्यादा आहे. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात आणि खालच्या थरात प्राणवायू उरत नाही. तिथे कितीही देखणा खड्डा असो, मासा नाही. शरद लागला की शॅड नावाच्या चंदेरी मासळीचे थवे फाट्यांच्या टोकाकडे निघतात आणि बास त्यांच्या मागे.

झाडांकडेही बघावं. पाण्यातून वर आलेल्या मेलेल्या खोडांत एखादी उंच रांग वाकडीतिकडी चाललेली दिसली, की खाली ओढा समजायचा. मोठी झाडं ओढ्याकाठीच होती. आणि वारा. वारा अंगावर घेणारा काठ सगळ्यांना नको असतो, कारण बोट जागेवर राहत नाही, दोरीला पोट येतं, टोपी उडते. पण सूक्ष्म जीव वाऱ्याने त्याच काठाला लोटले जातात, त्यांच्यामागे शॅड, शॅडच्या मागे बास. आमचे एक शेजारी आहेत, सत्तरी ओलांडलेले, याच भागात वाढलेले. वारा पडला की ते सरळ बोट पाण्याबाहेर काढतात आणि कॉफी प्यायला जातात.

त्यांचं आणि माझं एका गोष्टीवर मात्र जमत नाही. बोटीच्या पुढे काय आहे ते सिनेमासारखं पडद्यावर दाखवणारी सोनार यंत्रं आता निघाली आहेत. मासा दिसतो, आपलं ल्यूर त्याच्याकडे जाताना दिसतं, तो वळला की नाही तेही दिसतं. स्पर्धांमध्ये यावर जोरात भांडणं चालू आहेत. शेजारी म्हणतात, डोळे दिलेत तर वापरा. मला वाटतं, मग बांध, रस्ता, वारा, ऋतू यांचा इतका काथ्याकूट करायचा कशाला? पडद्याकडे मान खाली घालून बसलेल्या माणसाला तलावात आलंच कशाला पाहिजे, दिवाणखाना काय वाईट? अर्थात त्या यंत्राची किंमत ऐकल्यावर माझं हे मत अधिक पक्कं झालं, हे नाकारत नाही.

आईला दुसऱ्या दिवशी सोबत नेलं. १५४ नंबरच्या रस्त्याच्या पुलाजवळ एका बुडालेल्या बांधावर, अगदी साध्या ग्रीन पम्पकिन गांडुळाला, चांगला अठरा इंची मासा लागला. आई खूश. भिगवणची चिलापी ती नाकं मुरडत खाते, पण हा मासा बघून तिने मनात मसाला वाटायला घेतला असावा. मी तो पट्टीवर मोजला आणि पाण्यात सोडला.

"अरे! हे काय केलंस?"

लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवता येत नाही. सोळाहून लहान ठेवा, चोवीसचा किंवा वरचा दिवसाला एक ठेवा, मधले सोडायचे. मोठे होऊन वीण वाढवतात ते हेच. मी तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे बारका खायचा आणि चांगला सोडायचा," ती म्हणाली. "पैसे देऊन."

परवाना, पेट्रोल, गांडुळं, सगळ्याचा हिशोब तिने परतीच्या वाटेवर मांडला. तो इथे देत नाही. संध्याकाळी भारतीय दुकानातून गोठवलेला सुरमई आणला आणि विषय मिटला.

या मे महिन्यात तिचा फोन आला. उजनीचं पाणी फार खाली गेलंय, पळसनाथाच्या देवळाचं शिखर उघडं पडलंय, मामा जाऊन बघून आला, जुन्या वाड्यांची जोती दिसतात म्हणाला. मग एकदम म्हणाली, "तुझा तलाव आटतो का रे कधी?"

म्हटलं, एवढा नाही आटत, पण दुष्काळात उतरतो चार-पाच फूट.

"मग तेव्हा मासे धरायला नको जाऊस. नुसतं काठानं फिर आणि फोटो काढून ठेव. कुठं खोड आहे, कुठं बांध फुटलाय, कुठं दगड आहेत. पाणी चढल्यावर कुणालाच दिसणार नाही, तुला तेवढं ठाऊक."

इथले जुने जाणते लोक हेच करतात. शेजाऱ्यांकडे तर असल्या फोटोंची दोन जाडजूड पाकिटं आहेत, काही रोल कॅमेऱ्याच्या काळातली, मागे पेन्सिलीने खुणा केलेली. ती ते कुणाला दाखवत नाहीत. मला दाखवली, पण मोबाइल गाडीत ठेवून या म्हणाले.