एकोणीस मात्रा आणि खोक्यांतला जॅझ

मुलुंडची आमची बिल्डिंग एकदाची रीडेव्हलपमेंटला गेली, त्यामुळे सध्या मुक्काम भाड्याच्या घरात (बिल्डर म्हणतो तीन वर्षं, तुम्ही पाच धरा). शिफ्टिंगमध्ये बाकी सगळं उरकलं, पण माझ्या रेकॉर्ड्सनी सगळ्यांचा जीव काढला. दोन-अडीच हजार एलपी असतील. कव्हरसकट साठ-सत्तर एलपी एका खोक्यात भरल्या की ते खोकं पंधरा-सोळा किलोंचं होतं, आणि अशी खोकी संपतच नव्हती. पॅकर्सच्या पोरांनी "ताई, ह्यात फरशा भरल्यात का?" विचारलं, नवऱ्याने काहीच विचारलं नाही, नुसतं बघितलं. ते बघणं मला पुरेसं होतं.

नव्या घरात भिंत छोटी, म्हणजे सगळं काही लावता येणार नाही, निवडावं लागणार. म्हणून एकेक खोकं उघडून प्रत्येक रेकॉर्ड निदान एक बाजू तरी ऐकायची आणि मग ठरवायचं, वर ठेवायची की परत खोक्यात, असं सुरू केलं. पॉप आणि नाट्यसंगीताचा निकाल पटापट लागला. अडकले ते जॅझवर, आणि जॅझमध्येही त्या एका खोक्यावर ज्यावर मी कधीकाळी स्केचपेनने "इंडो-जॅझ / इतर" असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे जॅझ आणि आपलं संगीत एकत्र केलेल्या रेकॉर्ड्स. हा "इतर" म्हणजे काय ते कलेक्शनवाल्यांना बरोबर कळेल. घेतलं, एकदा लावलं, पुन्हा हात लावला नाही.

त्याला कारण होतं. मी जॅझ शिकले ती पुस्तकं वाचून आणि मोठ्या लोकांची मतं ऐकून, आणि त्या मतांत मंक, माइल्स, कोल्ट्रेन हे अमेरिकन वादक म्हणजे खरा जॅझ, आणि सतार दिसली की तो साठच्या दशकातला अगरबत्ती-छाप प्रकार. त्यामुळे चोर बाजारात मटन स्ट्रीटला गठ्ठ्यात मिळाल्या म्हणून या रेकॉर्ड्स घरी आल्या आणि तशाच पडून राहिल्या. तेव्हा वांद्रे, सांताक्रूझ, माहीमकडची घरं रिकामी व्हायची, पोरं कॅनडाला नाहीतर ऑस्ट्रेलियाला, आणि आई-वडिलांच्या रेकॉर्ड्स भंगारवाल्याकडे. कव्हरवर मागच्या बाजूला बॉलपेनने मालकाचं नाव, खाली साल, एखाद्यावर तर "परत देणे" असंही. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम १९५५ पासून लागायचा, शॉर्टवेव्हवर खरखरीतून तो ऐकून ऐकून याद्या करणारी ही माणसं होती.

तर आधी निघाली इंडो-जॅझ सूट. १९६६ ची, अटलांटिकचं लेबल, नाव जो हॅरियट डबल क्विंटेट, म्हणजे पाच-पाच वादकांचे दोन संच, एक जॅझचा आणि एक भारतीय. हॅरियट जमैकाचा, किंग्स्टनमध्ये जन्मला, १९५१ ला इंग्लंडला आला, आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा आणि अमेरिकेत फ्री जॅझची (आधी ठरवलेली चौकट सोडून मोकळं वाजवणं) आरडाओरड सुरू होत होती त्याच सुमारास लंडनमध्ये बसून त्याने स्वतःचा फ्री-फॉर्म काढला होता. त्याच्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट या रेकॉर्डला डाउनबीट या अमेरिकन जॅझ मासिकाने पाच तारे दिले होते. गेला मात्र १९७३ ला, कॅन्सरने, पंचेचाळिशीही गाठली नाही. सूटचं संगीत लिहिलेला जॉन मेयर कलकत्त्याचा, व्हायोलिनवाला, मुंबईत मेहली मेहतांकडे शिकला (झुबिनचे वडील) आणि १९५२ ला स्कॉलरशिपवर लंडनला गेला, तिथे सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवायचा.

एवढं मला माहीत होतं. कव्हर मागून नीट वाचलं नव्हतं ते या वेळी चष्मा लावून वाचलं. सतार दिवाण मोतीहार. तानपुरा चंद्रहास पैंगणकर. तबला केशव साठे. आता साठे आणि पैंगणकर ही नावं लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत, डेनिस प्रेस्टनच्या प्रॉडक्शनमध्ये, हॅरियटच्या दोन फुटांवर! साठे मूळ मुंबईचे, पन्नासच्या दशकात लंडनला गेले, आणि पुढे तिकडच्या इंडो-जॅझ रेकॉर्ड्स काढून बघा, कव्हरवर तेच सापडतात. १९६७ ची जर्मनीतली जॅझ मीट्स इंडिया आहे, आयरीन श्वाइट्झर या पियानोवालीच्या ट्रायोबरोबरची, त्यातही मोतीहार आणि साठे. एवढंच नाही, इंग्लिश गिटारवाल्या जॉन रेनबोर्नच्या १९७७ च्या अ मेड इन बेडलम या चक्क इंग्लिश लोकगीतांच्या रेकॉर्डवर पण तबला त्यांचाच. आपल्याकडे या माणसावर एखादा बरा लेख तरी असायला हवा की नाही? मी शोधते आहे, कुणाला दिसला तर सांगा.

मग मी ती रेकॉर्ड पुन्हा लावली, पण या वेळी सॅक्सोफोन सोडून तबला धरून ऐकली. आणि सगळं वेगळंच ऐकू यायला लागलं. लहानपणी मी हार्मोनियमच्या क्लासला जायचे आणि शेजारच्या खोलीत तबल्याचा क्लास असायचा, त्यामुळे ठेका कानात बसलेला आहे, वाजवता येत नाही पण कुठे चुकला ते कळतं. जॅझवर लिहिणारे लोक सोलो मोजतात, कोण काय वाजवून गेला. मी हे ऐकत बसले की ठेका चालू असताना ड्रमवाला काय करतोय. आणि खरं सांगायचं तर सूटमध्ये बऱ्याच वेळा दोन टीम दोन टोकांना उभ्या आहेत, आधी सतारवाले वाजवतात मग जॅझवाले उत्तर देतात, मेघ रागाचं नाव आहे, पण मेघ आला आणि जॅझवाले गॅलरीत उभं राहून बघताहेत असं वाटतं. मेयरने सगळं कागदावर लिहिलेलं, ते जाणवतं. पण हॅरियट मध्येच कागद सोडतो, त्याचा सूर किंचित चढा आणि कडवट, आणि साठे त्याच्या मागे जातात, तेवढी काही मिनिटं अशी आहेत की मी सुई उचलून परत परत मागे नेली. (हे करू नका, ओरखडा पडतो.)

तिथून माझं एक मत बनायला लागलं आणि खोकं संपेपर्यंत ते पक्कं झालं. रागाची सुरावट उचलून जॅझवर चिकटवली की ती रेकॉर्ड दहा वर्षांत शिळी होते. ताल आत शिरला असेल तर टिकते.

सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे डॉन एलिस. या एलपीची तर मला आठवणच नव्हती, कव्हरला कसर लागलेली, प्लास्टिक पिवळं पडलेलं. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये माँटेरे फेस्टिव्हलला वाजवलेला लाइव्ह कार्यक्रम आहे. एलिस ट्रम्पेटवाला, आणि तो लॉस एंजलिसला हरिहर रावांकडे आपला ताल शिकला, हे राव म्हणजे रविशंकरांचे शिष्य, दोघांनी मिळून हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट नावाचा ग्रुपही काढला होता. माँटेरेच्या वेळी मात्र एलिसकडे अख्खी मोठी ऑर्केस्ट्रा, तीन तीन बेस, आणि सतार नाही, तबला नाही, काही म्हणजे काही भारतीय दिसत नाही. पहिल्याच पीसचं नाव आहे ३३ २२२ १ २२२. स्टेजवरून तो सांगतो की हा एकोणीसचा ताल आहे आणि हे आकडे म्हणजे त्याची विभागणी, वर विनोद करतो की हा तर नुसता एरिया कोड झाला. लोक हसतात.

मला तो मोजता येईना. तीन तीन, दोन दोन दोन, इथपर्यंत ठीक आणि मग पाय घसरायचा. आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर तबल्याचे एक सर राहतात, रिटायर्ड, पोरांच्या शिकवण्या घेतात. ते पाण्याच्या टाकीच्या वर्गणीसाठी वर आले होते, म्हटलं सर दोन मिनिटं बसा आणि हे ऐका. सरांना जॅझचं वावडं, तोंड वाकडं करूनच बसले. सुरू झालं आणि दुसऱ्या आवर्तनाला त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप चालू. तीन, तीन, दोन, दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन. टाळी, टाळी, आणि त्या एकट्या एकावर त्यांनी फक्त करंगळी उचलली. "अगं, तो मधला एक आहे ना, तो नुसता पायरी हुकल्यासारखा ठेवलाय, तिथेच सगळी मजा आहे. तू तो मोजू नकोस, त्याच्यावरून उडी मार." उडी मारली आणि समेवर बरोबर पोचले! मग सर म्हणे परत लाव. तिसऱ्या वेळी ते तोंडाने बोल म्हणायला लागले, वर्गणीची पावती आमच्या टेबलावरच राहिली. इतकी पुस्तकं वाचून जे कळलं नव्हतं ते त्या करंगळीने कळलं. अमेरिकेतल्या एका माणसाने सतारीचा मोह टाळून नुसता हिशोब नेला आणि तो बिग बँडच्या अंगात भिनवला.

मधल्यामध्ये कामाची गोष्ट, कारण मला दरवेळी विचारतात. पावसाळ्यात बाहेरची पीव्हीसी कव्हरं काढून टाका, आत ओल धरते आणि कार्डबोर्डवर ठिपके येतात. बुरशीसाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, लेबलवर पाणी नको, मग परत नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि उभी वाळवा. स्पिरिट वगैरे जुन्या लाखेच्या ७८ वर (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एलपीच्या आधीच्या रेकॉर्ड्स) चुकूनही नाही, लाख विरघळते. रेकॉर्ड कायम उभी ठेवायची, आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. झालं.

पुढची करुणा सुप्रीम. सॅक्सोफोनवाला जॉन हँडी आणि सरोदवाले अली अकबर खाँ, १९७५ साली जर्मनीत फिलिंगनला एमपीएस या लेबलसाठी रेकॉर्ड केलेली, तबल्यावर झाकीर हुसेन, वय चोवीस. हँडी म्हणजे बेसवाल्या चार्ल्स मिंगसच्या बँडमधला, मिंगस आह अम या रेकॉर्डवर आहे तो. इथे पियानो नाही, बेस नाही, ड्रम नाहीत, कॉर्डच (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) नाहीत. त्यामुळे हँडीला पळायला जागाच नाही, त्याला सरोदच्या शेजारी बसून एकेक सूर लावावा लागतो, आणि तो लावतो. दुसरी अख्खी बाजू एकच पीस आहे. झाकीरभाई गेल्यानंतर त्यांचे इतके व्हिडिओ बघितले सगळ्यांनी, पण ही बाजू ऐका, कुठेही दाखवायची घाई नाही, हँडी थांबला तर ते थांबतात. ही वरच्या कप्प्यात गेली, चर्चा नाही.

शंकर-जयकिशनची रागा जॅझ स्टाइल (१९६८) आपल्या कलेक्टर लोकांत देव मानली जाते, दमदमच्या (कलकत्त्याजवळचा रेकॉर्ड कारखाना) मूळ प्रेसिंगला लोक वाट्टेल तो भाव देतात. अकरा राग, तोडीपासून भैरवीपर्यंत, सतार रईस खाँ, सॅक्सोफोन मनोहारी सिंग, आणि बाकी बरेचसे वादक गोव्याचे, दिवसा सिनेमाच्या सिटिंगला आणि रात्री हॉटेलात वाजवणारे. मला ती आवडते, पण जॅझ म्हणून नाही. तुकडे छोटे, सगळं अरेंज केलेलं, कुणी मोकळं सुटायच्या आत संपतं. स्वयंपाक करताना मस्त. शिव्या द्यायच्या असतील तर द्या.

पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकची जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया (१९५८) पण याच खोक्यात होती, का ते माहीत नाही, ती मुख्य जॅझच्या भिंतीवर असायला हवी. अमेरिकन सरकारने त्याला दौऱ्यावर पाठवलं होतं, पोलंडपासून भारत-सिलोनपर्यंत, परत जाऊन त्याने ही केली. शेवटचा कॅलकटा ब्लूज ऐका, त्याचा ड्रमवाला जो मोरेलो काड्या ठेवून हाताने ड्रम वाजवतो. सतार इथेही नाही बघा.

आणि अमान्सिओ डिसिल्वा. गिटारवाला, मुंबईत वाढलेला गोवन, साठच्या दशकात लंडनला गेला. जयपूरच्या महाराणींनी त्याला गिबसन गिटार घेऊन दिल्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते, एका पीसचं नावच महाराणी आहे. १९६९ ला हॅरियटबरोबर त्याने हम दोनो केली, त्यात बॅलड फॉर गोवा आहे. मूळ प्रत आपल्या खिशाबाहेर, माझ्याकडे रीइश्यू आहे आणि सीलसुद्धा फोडलं नव्हतं! या रेकॉर्डमध्ये तबलाही नाही आणि सतारही नाही. गिटार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, मागे बेस आणि ड्रम, आणि गायिका नॉर्मा विन्स्टनचा शब्दांशिवायचा आवाज. पण गिटारच्या हातात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आहे, आणि ती कुणी लिहून दिलेली वाटत नाही, तो माणूसच तसा वाजवायचा. माझ्या तालाच्या सिद्धांताला इथे थोडा धक्का बसतो, बसू दे. इतका मोठा वादक, मुंबईचा, आणि मुंबईत दहा जणांना विचारलं तर नऊ जण कोण म्हणून विचारतील.

अजून चारेक खोकी बाकी आहेत आणि नवऱ्याला हॉल परत हवा आहे. सरांचं मात्र वेगळंच चाललंय, त्यांना ती एकोणीसवाली एलपी क्लासमधल्या पोरांना ऐकवायला खाली न्यायची आहे. मी एलपी कुणाला देत नाही, कव्हरांवरची "परत देणे" वाचून तर नाहीच नाही. म्हटलं सर, पोरांना घेऊन रविवारी सकाळी तुम्हीच वर या, चहा देते, फक्त टर्नटेबलच्या टेबलावर कुणी ताल धरायचा नाही. तर म्हणाले अकरा जण आहेत, चालतील ना?