पंपावरचे ओले फडके

इंदूरला रामबागेच्या बाजूस माझे लहानसे गॅरेज आहे आणि गेली सत्तावीस वर्षे मी मुख्यतः जुन्या पेट्रोल गाड्यांची कामे करीत आलो आहे. कापड गिरणीतून स्पिनिंग मास्तर म्हणून निवृत्त झालेले आमचे एक जुने गिऱ्हाईक, ज्यांना मी पहिल्यापासून काकाच म्हणतो, त्यांनी आपली १९८४ सालची प्रिमियर पद्मिनी धुळ्याच्या पुतण्याला द्यायचे ठरवले, तेव्हा ती ट्रकवर चढवून पाठवायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. गाडी स्वतःच्या चाकांवर जाईल आणि मी तिच्यात बसून जाईन, असे त्यांचे म्हणणे. डोळ्यांमुळे त्यांचे चालवणे बंद झाले होते, त्यामुळे चालवायची जबाबदारी माझ्यावर आली. दिवस मे महिन्यातले होते.

निघण्यापूर्वी आठवडाभर गाडी माझ्याकडे होती. रेडिएटर साफ केला, होज पाइप बदलले, पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या घातल्या, कारण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. इंजिनातली ठिणगी ज्यांच्यावर अवलंबून असते ते प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर हे तिन्ही नवे बसवले. जुना कंडेन्सर चांगला चालत होता, परंतु एवढ्या लांबच्या प्रवासाला जुना कशाला ठेवायचा, असा विचार करून मी तो काढून भंगाराच्या डब्यात टाकला. पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे, तेव्हा आज दुकानात मिळणारा 'नवा' भाग कोणी, कुठे आणि कसा तयार केलेला असतो, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. हे मला पुरेपूर ठाऊक होते आणि तरीही मी तसे केले, हे आधीच नमूद करतो.

पहाटे पाचला निघायचे ठरले होते. प्रत्यक्षात काकूंनी गाडीला हळदकुंकू लावून नारळ फोडेपर्यंत आणि गल्लीतल्या प्रत्येकाने तिच्यावरून शेवटचा हात फिरवेपर्यंत नऊ वाजून गेले. धुळे सुमारे २६० किलोमीटर. राऊ, मानपूर आणि पुढचा घाट उतरेपर्यंत इंजिन शिलाई यंत्रासारखे चालले होते. घाट उतरला की माळव्याची हवा संपते आणि निमाडचे ऊन सुरू होते. खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडताना काकांनी हात जोडले आणि खिडकीतून एक नाणे पाण्याच्या दिशेने टाकले. त्यानंतर थोड्याच वेळात गाडीने दोनतीन आचके दिले, वेग ओसरला आणि ती कडेला घेईपर्यंत बंद पडली.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाटच. अशा वेळी जुन्या फियाटवाल्याच्या तोंडी एकच निदान असते, आणि माझ्याही तोंडी तेच आले: पेट्रोल उकळले. या गाडीचा पेट्रोल पंप, ज्याला आम्ही कारागीर एसी पंप म्हणतो, तो इंजिनालाच बसवलेला असतो आणि इंजिनाच्या कॅमवर चालतो. पेट्रोलमधले सर्वांत हलके अंश ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. पंपात किंवा नळीत एकदा त्यांची वाफ साठली की पंपाचा पडदा हलत राहतो, पण तो पेट्रोलऐवजी वाफच ढकलतो आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर कोरडा पडतो. यावरचा उपाय आमच्या वडिलांच्या काळापासूनचा: पंपावर ओले फडके गुंडाळायचे, वरून पाणी सोडायचे आणि थांबायचे. मी प्यायच्या पाण्याची एक बाटली त्यासाठी वापरली. पंचवीस मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी लगेच सुरू झाली आणि मला स्वतःचे थोडे कौतुकही वाटले.

ठिकरीच्या अलीकडे तोच प्रकार पुन्हा घडला आणि दुसरी बाटली गेली. कडेच्या निंबाखाली बसलेल्या एका शेतकऱ्याने, 'बाबूजी, पेट्रोल उबल गया होगा', असे सांगितल्यावर तर माझ्या निदानावर शिक्कामोर्तबच झाले. खरे म्हणजे तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पेट्रोलची वाफ बहुधा गाडी उभी असताना किंवा रांगत्या चढावर त्रास देते, कारण तेव्हा इंजिनाभोवती वारा खेळत नसतो. आम्ही मात्र सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जात होतो.

ठिकरी ओलांडल्यावर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, आणि या वेळी पाणी संपलेले होते. आसपास हातपंप दिसेना. करण्यासारखे काही नसल्यामुळे बॉनेट उघडे टाकून आम्ही दोघे गाडीच्या आखूड सावलीत बसून राहिलो. काकांच्या खिशात नेहमी एक छोटी वही असते, जिच्यात ते या गाडीच्या पेट्रोलचा आणि किलोमीटरचा हिशेब १९८४ पासून लिहीत आले आहेत. त्यांनी तिच्यात तिन्ही वेळा घड्याळ पाहून नोंदवल्या. वीसेक मिनिटांनी मी सहज सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. काका तहानेने वैतागले होते. ते म्हणाले, "अरे, मग ते दोन बाटल्या पाणी पंपावर कशाला ओतलेस? कोरडीच सुरू झाली की ही!"

त्यांनी हे केवळ तक्रार म्हणून म्हटले होते. मी मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिलो. गाडी दोन्ही वेळा फडक्याने नव्हे, नुसत्या थांबण्याने सुरू झाली होती. वहीतल्या नोंदी पाहिल्या, तर थांबणे प्रत्येक वेळी साधारण तेवढेच होते, पण दोन बंद पडण्यांमधला वेळ मात्र कमी कमी होत गेला होता. काहीतरी तापल्यावर निकामी होत होते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालत होते. ते पेट्रोलच असेल, असे मानायला माझ्या सवयीखेरीज कोणताही आधार नव्हता.

चौथ्यांदा गाडी दहाच मिनिटांत बंद पडली, आणि या वेळी मी एक मिनिटही वाया घालवला नाही. कार्बोरेटरची नळी काढून तिचे तोंड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडले आणि काकांना सेल्फ मारायला सांगितले. पेट्रोल चुळा भरल्यासारखे ठोके घेत बाटलीत पडू लागले. पंप उत्तम होता. नळी पुन्हा घट्ट बसवली, बाटली लांब नेऊन ठेवली, सांडलेले थेंब वाळू दिले आणि मग ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलची जाड तार डेल्कोतून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधून, काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून जरा अंतरावर धरले. सेल्फ मारला की तिथे निळी, कडकडणारी ठिणगी पडायला हवी. पडत होती ती पिवळसर, मलूल आणि तीही अधूनमधून.

डेल्कोच्या दोन्ही क्लिपा सोडून टोपी बाजूला केली. आठवड्यापूर्वी बसवलेल्या पॉइंटची टोके निळी-काळी पडली होती. एका टोकावर बारीक खड्डा आणि समोरच्या टोकावर तेवढाच उंचवटा होता. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हा पॉइंट त्याच मिनिटात ६००० वेळा उघडतो. प्रत्येक वेळी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच प्लगला हजारो व्होल्टचा करंट मिळतो. पॉइंट उघडण्याच्या क्षणी उडी मारू पाहणारा प्रवाह कंडेन्सर आपल्यात सामावून घेतो. तो निकामी झाला की ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवरच पडते आणि टोके जळत जातात. म्हणजे दोष होता तो मी मोठ्या हौसेने बसवलेल्या नव्या कंडेन्सरचा. सुट्या भागांच्या पेटीत फॅन बेल्ट होता, पॉइंटचा जादा सेट होता, एसी पंपाचा पडदासुद्धा होता. कंडेन्सर तेवढा नव्हता, कारण नव्याला पर्याय लागेल असे मला वाटलेच नव्हते.

पॉइंट कानशीने घासून साफ केला आणि थांबत, चालत, पुन्हा थांबत आम्ही जुलवानिया गाठले. तिथे चारचाकीचा पेट्रोल कारागीर कोणी नव्हता. मोटारसायकलवाला एक होता आणि त्याच्या दुकानामागे जुनी बुलेट उभी होती. तिच्यातही पॉइंट आणि कंडेन्सरच असतो, आणि धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, थोडीफार इकडेतिकडे असली तरी वेळ निभावतो. त्या मुलाने माझे सगळे म्हणणे मुकाट्याने ऐकून घेतले, काही न बोलता बुलेटचा कंडेन्सर काढून दिला आणि पैशांचे विचारल्यावर, 'चल जाए तो लौटते में देख लेंगे', एवढेच म्हणाला. तो कंडेन्सर डेल्कोवर बसणार नव्हता. म्हणून मी गाडीचा कंडेन्सर सोडवला, बुलेटच्या कंडेन्सरची तार कॉइलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला जोडली आणि त्याचे पत्र्याचे अंग कॉइलच्या पट्टीखालचा रंग खरवडून तिथेच आवळून टाकले. तार पुन्हा लोखंडाजवळ धरली तेव्हा ठिणगीचा आवाज दुकानाबाहेर बसलेल्या काकांनाही ऐकू गेला.

सेंधवा गेले, बिजासनीच्या देवळापाशी काकांनी गाडी थांबवून दर्शन घेतले, घाट उतरून आम्ही महाराष्ट्रात शिरलो आणि रात्री साडेनऊला धुळ्यात पोचलो. गाडी वाटेत एकदाही चुकली नाही.

खराब कंडेन्सर मी खिशात ठेवला होता. धुळ्याला पुतण्याच्या अंगणात तो करवतीने उभा कापला. आत ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि कागद यांची घट्ट गुंडाळी होती. तार त्या गुंडाळीला डाख देऊन जोडलेली नव्हती, नुसती टेकवून वरून दाबलेली होती, आणि टेकल्या जागी बाजरीच्या दाण्याएवढा काळा डाग पडला होता.

तीन दिवसांनी मी बसने परतलो तो वाटेत जुलवानियाला उतरून. धुळ्यात विकत घेतलेला बुलेटचा नवा कंडेन्सर त्या मुलाच्या हातात दिला. त्याने तो कपाटात ठेवला नाही. आधी बुलेटला जोडला, किक मारली आणि चहा येऊन, पिऊन, पेले परत जाईपर्यंत इंजिन तसेच चालू ठेवले. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "नया है, इसलिए."