चतुराला दोरा बांधणारा पोरगा

लहानपणी आम्ही चतुर पकडायचो. मागून दबक्या पावलांनी जायचं, शेपटी चिमटीत धरायची आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधून त्याला उडवायचं. आता आठवलं की वाईट वाटतं, पण त्याचे जाळीदार पंख आणि ते टपोरे डोळे तेव्हा इतक्या जवळून बघितलेत ना की अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे येतात.

परवा हे सगळं आठवलं कारण उतामारो या जुन्या जपानी चित्रकाराचं, लाकडी फळ्यांवर कोरून छापलेलं किड्यांचं पुस्तक ऑनलाइन बघत बसले होते. उतामारो म्हटलं की लोकांना त्याच्या सुंदर बायकांची चित्रं आठवतात, पण ती गाजायच्या आधी, १७८८ साली, त्याने एदोत म्हणजे आजच्या तोक्योत 'एहोन मुशी एरामी' केलं, निवडक किड्यांचं चित्रपुस्तक. त्सुताया जूझाबुरो हा प्रकाशक. पंधरा चित्रं, प्रत्येक चित्र दोन पानांवर पसरलेलं, प्रत्येकात दोन-दोन जीव आणि दोघांच्या नावाने एकेक क्योका, म्हणजे छोटी मिश्कील कविता, आणि त्या सगळ्या प्रेमाच्या! सुरवंटावर प्रेमकविता, गोगलगाईवर प्रेमकविता. 'मुशी' या शब्दात तेव्हा सरपटणारे आणि बेडूकही यायचे, त्यामुळे एका पानावर साप आणि सापसुरळी आहेत, आणि शेवटच्या पानावर कमळाच्या पानांत बेडूक आणि भुंगेरा.

मला सगळ्यात भिडलं ते शेवटी त्याच्या गुरूने लिहिलेलं टिपण. तोरियामा सेकियेन, भुताखेतांच्या चित्रपुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेला म्हातारा, त्याच वर्षी गेला. तो लिहितो की हा पोरगा लहानपणी चतुराला दोरा बांधायचा, तळहातावर रातकिडा धरून बसायचा आणि त्याच्यातच हरवून जायचा. ते वाचून मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि जरा वेळ गप्प बसले. समुद्रापलीकडचा, दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा मुलगा, आणि खेळ तोच.

लोक अशा चित्रांना 'क्यूट' म्हणून पुढे जातात ते मला पटत नाही. गंमत आहेच, पण ती बघण्यातून आलीय. सुरवंटाचा केस न् केस आधी चित्रकाराने बघितलाय, मग कोरणाऱ्याने तो चेरीच्या फळीवर उंच रेघ म्हणून शिल्लक ठेवलाय, आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकून, आणि मग छापणाऱ्याने एकेका रंगाच्या वेगळ्या फळीवर कागद तंतोतंत जुळवून मागून घासलाय. केसाएवढी चूक झाली तरी किडा मेला.

कुनियोशी या दुसऱ्या जपानी चित्रकाराचं पण तेच. हा पुढच्या शतकातला, मांजरांचा वेडा, चित्र काढताना किमोनोच्या आत पिल्लू घेऊन बसायचा म्हणे. १८४२ मध्ये शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने नट आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली, मग या माणसाने काय करावं, तर १८४५ च्या शेवटी योशिवारा ही गणिकांची वस्ती जळाली आणि त्यांना तात्पुरत्या घरांत हलवलं, त्याचं चित्र काढताना सगळ्यांना चिमण्यांची डोकी लावली! बायका चिमण्या, गिऱ्हाइकं चिमण्या, अंगावर भारी कपडे. योशिवारात पडीक असणाऱ्या माणसाला तिकडे 'योशिवाराची चिमणी'च म्हणायचे, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच कळणार.

आणि त्याची तोकाइदोची मांजरं! एदो ते क्योतो या रस्त्यावर त्रेपन्न मुक्काम, दोन्ही टोकं धरून पंचावन्न, आणि प्रत्येक नावावर कोटी करणारं एकेक मांजर. सुरुवात निहोनबाशी, त्याचं केलं 'निहोन दाशी', म्हणजे दाशीच्या (सुक्या माशाचा रस्सा) दोन कांड्या, म्हणून मांजर सुक्या बोनितो माशाचे दोन तुकडे पळवतंय. ओइसोचं 'ओमोई झो', जड आहे बुवा, तर मांजर भलंमोठं ऑक्टोपस ओढतंय. कोटी जपानी आलं तरच कळते, मला ती वाचून समजून घ्यावी लागली, पण मांजराने आपल्याहून मोठं काही ओढताना पाय कसे रोवलेत ते बघायला भाषा लागत नाही, आमची मनी उशीचा अभ्रा ओढून नेते तेव्हा अगदी अशीच दिसते.

मी रोज झोपायच्या आधी झूम करून दोन-तीन मुक्काम बघते. शेवटी क्योतोला मांजराच्या तोंडात उंदीर आहे आणि 'ग्यो!' ही त्याची किंकाळी, हे माहीत आहे, पण मधली एकही मांजर चुकवायची नाही असं ठरवलंय.